कार्फॅक्स, कारफूर आणि चव्हाटा

इंग्लंडातील ऑक्सफर्ड शहराच्या मध्यभागी एक चौक आहे. पूर्वेकडून हाय स्ट्रीट, पश्चिमेकडून क्वीन स्ट्रीट, उत्तरेकडून कॉर्नमार्केट आणि दक्षिणेकडून सेंट ऑल्डेट्स असे चार रस्ते तेथे एकमेकांना भेटतात. कोपऱ्यावर एक जुना दगडी बुरूज उभा आहे. या जागेचे नाव कार्फॅक्स. इंग्रजी भाषेत ‘कार’ म्हणजे गाडी हे खरे. परंतु या नावाचा गाडीशी काडीचाही संबंध नाही. दुसरा अर्धा भाग तर कोणत्याच इंग्रजी शब्दाशी जुळत नाही. ज्या शहरात शब्दांचे अर्थ शोधण्यासाठी जगातील सर्वांत मोठ्या कोशांपैकी एक कोश सिद्ध झाला, त्याच शहराच्या मुख्य चौकाचे नाव तेथील सामान्य नागरिकाला निरर्थक वाटावे, ही मौजेची गोष्ट खरी.

जेथे अर्थ कळत नाही तेथे माणसे अर्थ बसवितात. ब्रॅम स्टोकर या लेखकाच्या ‘ड्रॅक्युला’ या १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत तो रक्तपिपासू सरदार लंडनजवळ जे जुनाट घर विकत घेतो, त्याचे नावही कार्फॅक्सच आहे. घराला चार बाजू असून त्या चार दिशांना आहेत, म्हणून ‘चार मुखे’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांचा हा अपभ्रंश असावा, असा तर्क कादंबरीतील एक पात्र करते. तर्क चुकीचा आहे, पण अगदीच टाकाऊ नाही. शब्द फ्रेंच आहे हे त्याने ओळखले, त्यात चार आहेत हेही ओळखले. चुकले ते एवढेच, की ती चार मुखे नसून चार फाटे आहेत.

मूळ शब्द लॅटिनमधला, ‘क्वाद्रिफुर्कुस’ असा आहे. ‘क्वाद्रि’ म्हणजे चार आणि ‘फुर्का’ म्हणजे दोन दात असलेले शेतातले लाकडी अवजार. गवत उचलण्यासाठी रोमन शेतकरी ते वापरीत. आपल्याकडे पोरांच्या गलोलीचे बेचके असते, त्याच आकाराची ही वस्तू मोठ्या प्रमाणावर कल्पावी. गुन्हेगार गुलामाच्या मानेवर तसलेच बेचके बांधून त्याला गावातून फिरवीत. त्यावरून ‘फुर्का वाहणारा’ ही लॅटिनमध्ये एक सणसणीत शिवी झाली होती. पुढे याच शब्दापासून इंग्रजीत जेवणाच्या टेबलावरचा काटा म्हणजे ‘फोर्क’ आला. शिवी आणि काटा एकाच घरातले, असे म्हणावयास हरकत नाही.

या लॅटिन शब्दाला फ्रान्समध्ये झीज लागली. ‘क्वा’ चा ‘का’ झाला, मधला ‘द’ विरला, शेवटचा ‘क’ गळाला, आणि ‘कारफूर’ हा शब्द तयार झाला. आज फ्रेंच भाषेत कोणत्याही चौकाला कारफूर म्हणतात. रस्ते चारच असले पाहिजेत असा त्यात आग्रह नाही. जसा मराठीत पाच रस्त्यांच्या नाक्यालाही ‘चौक’ म्हणताना कोणी मोजणी करीत नाही. इंग्लंडात मात्र हा शब्द त्याआधीच पोहोचला होता. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि त्यानंतरची सुमारे तीन शतके राजदरबार, न्यायालये आणि सरदारांचे वाडे यांची भाषा फ्रेंच राहिली. त्या जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचे अनेकवचनी रूप ‘कारफुर्क्स’ असे होई. अनेकवचनाचा तो ‘क्स’ ऑक्सफर्डच्या चौकाला असा चिकटला की आजतागायत सुटला नाही. फ्रान्सने आपल्या शब्दाची शेपटी टाकून दिली आणि इंग्लंडातील एका गावाने ती जपून ठेवली. ससेक्समधील हॉर्शम गावाच्या मध्यवर्ती चौकालाही हेच नाव आहे. तेथेही ते इतकेच अनाकलनीय वाटते.

आता या शब्दातील ‘क्वाद्रि’ कडे मराठी माणसाने परके म्हणून पाहण्याचे कारण नाही. लॅटिनमधील ‘क्वात्तुओर’, फ्रेंचमधील ‘कात्र’, फारसीतील ‘चहार’ आणि संस्कृतातील ‘चतुर्’ हे सारे एकाच कुळातले आहेत. मूळच्या एका ध्वनीचा लॅटिनमध्ये ‘क्व’ राहिला आणि संस्कृतात त्याचा ‘च’ झाला. हे ताडून पाहावयाचे असेल तर एक गमतीचे उदाहरण पुरेसे आहे. लॅटिनमध्ये ‘आणि’ या अर्थाचे ‘क्वे’ हे अव्यय शब्दाच्या आधी न येता मागाहून येते. संस्कृतातील ‘च’ देखील नेमके तेथेच बसते. तेव्हा ‘चतुष्क’ या शब्दापासून प्राकृतातून आलेला आपला ‘चौक’ आणि फ्रेंचांचा ‘कारफूर’ हे निम्मे भाऊबंद आहेत, असे म्हणता येईल. उरलेल्या निम्म्या भागात प्रत्येक समाजाने आपापली कल्पना घातली. रोमनांना गवताचे बेचके दिसले. अमरकोशाच्या भूमिवर्गात ‘चतुष्पथ’ या शब्दाशेजारीच ‘शृंगाटक’ हा पर्याय दिलेला आहे. शृंगाटक म्हणजे तळ्यातला शिंगाडा. त्याची शिंगे जशी बाहेर निघतात, तसे चौकातून रस्ते निघतात, ही उपमा बेचक्याइतकीच रोखठोक आहे. आणि ती ज्याला सुचली, त्याने चौक एखाद्या टेकडीवरून किंवा गच्चीवरून पाहिला असला पाहिजे!

फारसी भाषेने ‘चहारसू’ म्हणजे ‘चार बाजू’ असा सरळ शब्द केला. इराणपासून ताश्कंद-समरकंदपर्यंत जुन्या बाजारांच्या मध्यावर या नावाच्या जागा सापडतात. हैदराबादच्या रहिवाशांना तर यासाठी लांब जावयास नको. १५९१ मध्ये मुहंमद कुली कुतुबशहाने चारमिनार उभारला, तोच मुळी नव्या नगराच्या दोन मुख्य रस्त्यांच्या छेदावर. त्याच्या उत्तरेस चार कमानींच्या मधोमध जो हौज आहे, त्याला आज गुलजार हौज म्हणतात. त्याचे जुने नाव ‘चारसू का हौज’ असे होते. बडोद्यातील मांडवीही अशाच छेदावर उभी आहे आणि तेथून निघालेले चार रस्ते जुन्या शहराच्या चार दरवाजांकडे जातात. नगर वसवायचे म्हणजे आधी दोन रेघा एकमेकींवर आडव्या टाकावयाच्या, ही कल्पना रोमनांची तशीच आपल्याकडील नगररचनाकारांचीही. ऑक्सफर्डचा कार्फॅक्स देखील त्या जुन्या तटबंद गावाच्या मूळ आखणीतला आहे. रस्ते आधी होते आणि फ्रेंच नाव मागाहून आले.

मराठीत या जागेला जितकी नावे आहेत तितकी क्वचितच एखाद्या भाषेत असतील. चौक, चौरस्ता, नाका, तिठा, चव्हाटा. यातील ‘चौरस्ता’ हा अर्धा घरचा आणि अर्धा फारसी. ‘चौक’ हा घराबाहेरचा जसा, तसा वाड्यातलाही. पुण्यातल्या किंवा ग्वाल्हेरातल्या जुन्या वाड्यात ‘चौकात बसले आहेत’ असे म्हटले तर ते रस्त्यावर नसून घरातच असत. परंतु ‘चव्हाटा’ या शब्दाला घरात शिरता येत नाही. चौ आणि वाट यांपासून झालेला हा शब्द पूर्णपणे बाहेरचा आहे, आणि म्हणूनच घरातली गोष्ट तेथे गेली की तिला ‘चव्हाट्यावर आली’ असे म्हणतात. माणसांच्या बाबतीत आपण ‘चारचौघांत’ म्हणतो आणि वाटांच्या बाबतीत ‘चव्हाट्यावर’. दोन्हीकडे चारच आकडा, आणि दोन्हीकडे अर्थ एकच, उघड्यावर येणे. बेळगावात चव्हाट गल्ली आहे. कोकणपट्टीतील कित्येक गावांत चव्हाटा हे देवस्थानाचेच नाव आहे.

हाच अर्थ कारफूर या शब्दानेही वागविला आहे. जुन्या फ्रान्समध्ये राजाज्ञा केवळ लिहून भागत नसे. पॅरिसमध्ये त्यासाठी शपथ घेतलेले सरकारी पुकारे असत. तुतारीवाल्यांना बरोबर घेऊन ते शहरातील ठराविक कारफूरांवर जात, तुतारी वाजवीत आणि आज्ञा मोठ्याने वाचून दाखवीत. अमुक आज्ञा शहराच्या नेहमीच्या चौकांवर तुतारीच्या नादात पुकारली गेली, अशी नोंद कागदाखाली करीत. ती नोंद झाली की ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय उरत नसे. आपल्या गावांत दवंडी पिटीत, ती याच हेतूने. कायदा लागू होण्यासाठी तो चौकात ऐकू आला पाहिजे, ही समजूत छापखान्याच्या आधीच्या जगात सर्वत्र होती.

पण जे सर्वांचे, ते हलके, असाही एक विचार त्याच्या पाठोपाठ आला. फ्रेंचांत ‘कारफूरची भाषा’ म्हणजे ग्राम्य बोलणे. लॅटिनमध्ये तीन वाटांच्या जागेला ‘त्रिवियुम’ म्हणत. तिठ्यावर मिळणारे ते ‘त्रिविआलिस’, म्हणजे सामान्य, कोणाही ऐऱ्यागैऱ्याचे. इंग्रजीत क्षुल्लक या अर्थाचा ‘ट्रिव्हियल’ हा शब्द तेथून आला. तिठ्यासाठी हा शब्द, आणि चार वाटांच्या ‘क्वाद्रिवियुम’ या शब्दाचे नशीब मात्र उलटे. मध्ययुगीन विद्यापीठांत गणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष या चार विषयांच्या वरच्या अभ्यासक्रमाला ते नाव मिळाले. एक वाट कमी पडल्याने शब्द रस्त्यावर राहिला आणि एक जास्त मिळाल्याने विद्वानांच्या पंक्तीला जाऊन बसला.

चौकाबद्दलचे भयही जुने आहे. रोममध्ये प्रत्येक पेठेच्या चौकात रक्षक देवतांची लहान देवळे असत. इसवी सन पूर्व ७ मध्ये ऑगस्टस बादशहाने शहराचे चौदा विभाग पाडले आणि या चौकातल्या पूजांची नव्याने व्यवस्था लावली. प्लिनी या ग्रंथकाराने अशा चौकांची संख्या २६५ दिली आहे. शतपथ ब्राह्मणात रुद्राला द्यावयाची एक आहुती चतुष्पथावर द्यावी असे सांगितले असून, ती त्याची आवडती जागा आहे, हे कारण दिले आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या पहिल्याच अंकात उज्जयिनीचा दरिद्री झालेला चारुदत्त आपल्या मैत्रेयाला सांगतो की चतुष्पथावर जाऊन मातृकांना बळी ठेवून ये. मैत्रेय कुरकुरतो. त्याची भीती देवतांची नाही. तिन्हीसांजेला राजमार्गावर जे विट, चेट आणि राजाचे लाडके हिंडत असतात, त्यांची आहे. चौकातले धोके कोणते, हे त्या ब्राह्मणाला शास्त्रापेक्षा अनुभवाने जास्त कळले होते. तिकडे कॅरिबियन समुद्रातील हैती बेटावर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी आपल्या देवता नव्या मुलखात बसविल्या. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. तेथील चौकाच्या एका उग्र देवतेला मालकांच्या भाषेतूनच नाव मिळालेले आहे, ‘मेत्र कारफूर’. राजधानी पोर्तोप्रॅंसला लागून असलेल्या गावाचे नावही कारफूरच.

अलीकडच्या काळात हा शब्द जगभर पसरला तो देवतेमुळे नव्हे, तर दुकानामुळे. १९५९ मध्ये मार्सेल फूर्निए आणि देफोरे कुटुंब यांनी फ्रान्समधील आनसी शहरात एक कंपनी काढली. तिचे दुकान एका चौकाजवळ होते, म्हणून तिने ‘कारफूर’ हेच नाव घेतले. १९६३ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेस तिने अडीच हजार चौरस मीटरचे प्रचंड दुकान उघडले. २०१० च्या अखेरीस ही कंपनी दिल्लीत आली. घाऊक विक्रीची पाच दुकाने चालवून २०१४ मध्ये तिने ती बंद केली. चौक तेथे बाजार, हा नियम तिने ओळखला होता; पण आपल्याकडचे चौक आधीच भरलेले असतात.

ऑक्सफर्डच्या चौकाला या सर्व अर्थांचा अनुभव एकाच आठवड्यात आला. तो आठवडा १३५५ सालच्या फेब्रुवारीतला. कार्फॅक्सवर सेंट मार्टिनचे चर्च होते. ते गावकऱ्यांचे होते. महापौर आणि नगराचे प्रतिष्ठित तेथे प्रार्थनेस जात. हाय स्ट्रीटने थोडे पूर्वेला गेले की सेंट मेरीचे चर्च लागे; ते विद्यापीठाचे. गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात घरभाडे, धान्याचे भाव आणि न्यायाचा अधिकार यांवरून वर्षानुवर्षे तेढ होती. १० फेब्रुवारीला, सेंट स्कोलास्टिकाच्या सणाच्या दिवशी, चौकाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरील स्विंडलस्टॉक नावाच्या दारूच्या गुत्त्यात काही विद्यार्थी मद्य पीत बसले होते. मद्य वाईट आहे अशी त्यांनी तक्रार केली. मालकाने उलट उत्तर दिले. विद्यार्थ्यांनी मद्य त्याच्या तोंडावर फेकले आणि भांडेही त्याच्या डोक्यात घातले. भांडण गुत्त्यातून चौकात आले.

मग गावकऱ्यांनी सेंट मार्टिनची घंटा वाजविली. विद्यापीठाने सेंट मेरीची वाजविली. दोन घंटांच्या मध्ये जेमतेम काही शे पावलांचे अंतर होते. दुसऱ्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून माणसे शहरात घुसली. तीन दिवस विद्यार्थ्यांची वसतिगृहे फोडली गेली, माणसे मारली गेली. परंपरेने सांगितली जाणारी संख्या त्रेसष्ट विद्यार्थ्यांची आणि सुमारे तीस गावकऱ्यांची आहे.

मारामारीत गाव जिंकले होते. निकालात ते हरले. तिसऱ्या एडवर्ड राजाने त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठाला सनद दिली आणि पाव, बिअर व मद्य यांच्या भावावर, वजनमापांवर विद्यापीठाचा अधिकार बसविला. म्हणजे गावातल्या दुकानदाराचा तराजू पंडितांच्या हाती गेला. लिंकनच्या बिशपने शहरावर धार्मिक बहिष्कार घातला आणि तो उठविताना प्रायश्चित्त लावले. दर वर्षी १० फेब्रुवारीला महापौर, बेलिफ आणि साठ नागरिक यांनी सेंट मेरीत जाऊन मृतांसाठी होणाऱ्या प्रार्थनेस हजर राहावयाचे आणि प्रत्येकाने एक पेनी वाहावयाची. रक्कम क्षुल्लकच होती. पण ती चारचौघांत द्यावयाची होती, आणि खरी शिक्षा तीच होती.

या दंगलीनंतर सातच वर्षांनी, १३६२ मध्ये, त्याच राजाच्या संसदेने न्यायालयांतील वाद इंग्रजीत चालवावेत असा कायदा केला. फ्रेंच लोकांना समजत नाही, हे त्याचे कारण दिलेले होते. ज्या भाषेने कार्फॅक्सला नाव दिले, तिचा अंमल असा ओसरला. मागे राहिले ते अर्थ हरवलेले नाव आणि अर्थ पुरेपूर ठाऊक असलेला दंड. पेढ्यान्‌पिढ्या महापौर बदलत गेले, धर्मपंथ बदलला, राजवंश बदलले, एका राजाचा शिरच्छेदही झाला. ते त्रेसष्ट पेनी मात्र चुकले नाहीत म्हटले तरी चालेल. सुमारे पावणेपाचशे वर्षांनी, १८२५ मध्ये, एका महापौराने जाण्यास नकार दिला आणि विद्यापीठानेही पुढे आग्रह धरला नाही.

दरम्यान चौकाचे रूपही पालटले. १६१७ मध्ये ऑथो निकल्सन याच्या खर्चाने तेथे पिण्याच्या पाण्याचे एक सुशोभित कारंजेवजा ठाणे उभे राहिले होते. १७८७ मध्ये रहदारीला अडथळा होतो म्हणून ते काढून शहराबाहेर नूनहॅम येथील एका जमीनदाराच्या बागेत नेण्यात आले. सेंट मार्टिनचे चर्च १८९६ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी पाडण्यात आले. गावाची घंटा जेथे वाजली होती, तो बुरूज तेवढा शिल्लक राहिला.

१० फेब्रुवारी १९५५ रोजी, दंगलीला बरोबर सहाशे वर्षे झाली तेव्हा, विद्यापीठाने शहराच्या महापौरांना सन्मान्य पदवी दिली आणि शहराने विद्यापीठाच्या कुलगुरूंना मानाचे नागरिकत्व दिले. त्यानंतरच्या नगररचनेच्या नियमांत शहराच्या मध्यभागी फार उंच इमारती होऊ नयेत म्हणून मर्यादा घालण्यात आली. ती मर्यादा लागू होण्यासाठी बाराशे मीटरांचे एक वर्तुळ कल्पिलेले आहे, आणि त्या वर्तुळाचा मध्यबिंदू विद्यापीठाच्या चर्चमध्ये नसून कार्फॅक्सवर आहे.